एक वीत आत

टेम्पोत त्या सकाळी लोखंडी कपाटं चार होती, लाकडी पलंग दोन, गाद्या दोन, खुर्च्या सहा, उचलायचे पट्टे चार, ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये घालायच्या गोधड्या पाच आणि माणसं दोन. शिवाय एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात दोन काळी जॅकेटं आणि बुटांत घालायचे चार तळवे. खोक्यावर जाड अक्षरांत छापलं होतं : पाठराखा.

“ह्यो खोका कुठल्या गिऱ्हाइकाचा?” हणमंतनं विचारलं.

“आपलाच हाय. अंगात घालायचाय,” नवनाथ म्हणाला.

“उन्हाळ्यात? मालकाला सांगा दाजी, पंखा पण द्या म्हणावं पाठीला.”

नवनाथ मोरबाळे आणि हणमंत खोत ही फर्निचरच्या दुकानाची उचलायची जोडी होती. हणमंत नवनाथचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, रूपालीचा, धाकटा भाऊ. कोल्हापुरात आता नव्या इमारतींमध्ये कपाट माणसाला उचलावं लागत नसे. पट्ट्यांवर चालणारी जिनाचढ गाडी ते एकटी वर नेई. पण जुन्या पेठांतल्या घरांचे जिने अरुंद, वळणं आखूड. तिथं गाडी अडकायची. अशा घरांसाठी मालकांनी चार जोड्या ठेवल्या होत्या, आणि नव्या नियमाप्रमाणे पाठराखा अंगावर असल्याशिवाय त्यांना ओझ्याला हात लावता येणार नव्हता.

मृदुला शिंत्रे गोदामाच्या दारात उभी होती. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती पाठराखा बनवणाऱ्या कंपनीत लागली होती, आणि जॅकेट घालणाऱ्याला ते काय करतं हे कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

“नवनाथकाका, वीस किलोचं ओझं तुम्ही वाकून, हात पुढे करून धरलंत असं समजा,” ती म्हणाली. “ओझं मणक्यापासून चाळीस सेंटीमीटर लांब. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून फक्त पाच सेंटीमीटरवर. म्हणजे तरफेचा एक हात दुसऱ्याच्या आठपट झाला. स्नायूंना वीस नाही, एकशे साठ किलोएवढी ओढ लावावी लागते. ती सगळी ओढ कमरेतल्या शेवटच्या चकतीवर दाबून बसते. वर तुमच्या धडाचं वजन वेगळंच.”

“चकती म्हंजे गादी सरकते ती?”

“तीच. सुमारे साडेतीनशे किलोंच्या वर दाब वारंवार गेला की ती झिजायला लागते. आणि ती झिजताना दुखत नाही. दुखतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे जॅकेट. यातल्या पट्ट्या स्नायूंची वीज मोजतात, तळवे पायाखालचा दाब मोजतात. दाब हद्दीबाहेर गेला की जॅकेट वाजतं, तुम्ही ओझं टेकवायचं. आणि दोघं मिळून उचलता तेव्हा कोणाच्या अंगावर किती आलं, तेही कळतं.”

“किती आलं म्हंजे?” हणमंतनं विचारलं.

“हिस्सा. दोघांचा मिळून शंभर.”

तिनं गोदामातल्या एका कपाटावर हात ठेवला. “सपाट जमिनीवर निम्मं-निम्मं. जिन्यावर तसं नसतं. तुम्ही कपाट आडवं करून तळाशी धरता. त्याचं वजन त्या धरण्याच्या रेषेच्या वर, कपाटाच्या पोटात असतं. कपाट तिरकं झालं की ते वजन खालच्या माणसाकडे झुकतं. या कपाटाला, तुमच्या पेठेतल्या जिन्यावर, साधारण आठ टक्के. खालच्यावर अठ्ठावन्न, वरच्यावर बेचाळीस. हा जिन्याचा दोष झाला, तो माणसाच्या माथी नको. म्हणून पाठराखा ते आठ इकडचे तिकडे करून मगच आकडा दाखवतो. नीट उचलणारी जोडी पन्नास-पन्नास दिसायला हवी.”

तिनं हातातल्या टॅबचा पडदा उघडला. “जिना चढताना तुमच्यात पुढे कोण?”

“मी,” नवनाथ म्हणाला.

“मागे?”

“मी की. आणि कोण हाय हितं?” हणमंत म्हणाला.

तिनं दोन ठिकाणी बोट टेकवलं. जॅकेटं एकेकदा वाजली आणि गप्प झाली.

*

महिन्याच्या शेवटी गोदामाच्या भिंतीवरच्या पडद्यावर चारही जोड्यांचे चढणीचे हिस्से आले. चढण अवघड, म्हणून नियमात तेवढीच धरत. तीन जोड्यांचे आकडे साठच्या आत होते. चौथ्या ओळीत लिहिलं होतं : मोरबाळे ६६, खोत ३४.

खाली नियम होता. तीन महिने साठ-चाळीसपेक्षा जास्त फरक राहिला, तर जोडी मोडायची. कमी उचलणाऱ्यानं एकट्यानं ओझं उचलून दाखवायचं. नाही जमलं तर त्याचं उचलायचं कार्ड रद्द, म्हणजे हे कामच बंद.

दुसऱ्या जोडीतला एकजण मोठ्यानं म्हणाला, “अगं बाई! हणमंतराव पालखीत बसून जातायत वाटतं जिन्यावरनं.”

हसू पिकलं. हणमंतही हसला. “दाजी, तुमचं मशीन खुळं हाय. माझं बी खुळंच असंल. दोन खुळी एका खोक्यात घालून पाठवली.”

नवनाथ हसला नाही. तो आकडा वाचत होता. सहासष्ट म्हणजे तीनातले दोन. ऐंशी किलोंच्या कपाटातले त्रेपन्न त्याच्या अंगावर आणि सत्तावीस हणमंतच्या. पंधरा वर्षं दोघं बरोबर उचलत होते. पंधरा वर्षांत एका पाठीवरून दुसरीपेक्षा किती जास्त गेलं असेल, याचा हिशेब त्यानं मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

त्या दिवसापासून त्याला गोष्टी दिसू लागल्या. हणमंत जिना चढताना शीळ घालायचा. पाठमोरा, मागं न बघता, टाचेनं पायरी चाचपत तो वर सरकायचा आणि तोंडानं शीळ चालू. नवनाथला याचं कौतुक वाटायचं. पाहुण्यांत तो ते सांगायचा सुद्धा. आता त्याला वाटलं, खालच्या माणसाला श्वास पुरत नाही, आणि वरच्याकडं शिळेपुरता श्वास उरतो तरी कसा?

हणमंत वळणावर नेहमी म्हणायचा, “दाजी, टेकवू या का?” नवनाथला ती काळजी वाटायची. आता शंका आली. हा आपल्यासाठी विचारतो की स्वतःसाठी? कपाट वर पोचलं की हणमंत गिऱ्हाइकाकडून पहिला तांब्या नवनाथला द्यायचा. त्यातसुद्धा आता काहीतरी दिसू लागलं. ज्याच्या मनात काही असतं, तोच एवढं करतो.

रूपालीनं तिसऱ्या दिवशी ताटावर विचारलं. “काय झालंय तुमचं? हणमा आला तर बोलला न्हाई त्याच्याशी.”

“काही न्हाई.”

“मग?”

नवनाथनं पाठराख्याचे आकडे उघडून फोन पुढं सरकवला. तिनं आकडे वाचले.

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“मी न्हाई म्हणत. मशीन म्हणतंय.”

“मशीन काय म्हणतंय?”

नवनाथनं भाकरीचा तुकडा मोडला. “अंगचोर हाय तुझा भाऊ.”

रूपालीनं फोन त्याच्याकडं परत ढकलला. “हाय का नाही ते मला म्हाईत न्हाई. पण तुमाला हे वाचून बरं वाटलेलं दिसतंय, ते मात्र मला दिसतंय.”

*

दुसऱ्या महिन्यातही आकडा सहासष्ट-चौतीस आला. मृदुलानं दोघांचे बूट काढायला लावले, तळवे उलटेसुलटे पाहिले, जॅकेटांच्या पट्ट्या तपासल्या.

“बुटात काही घातलं होतं का? कापूस, कागद?”

“मॅडम, बुटात पाय घालतो आम्ही,” हणमंत म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही.

जॅकेटं ठीक होती. मृदुलानं जॅकेटांची अदलाबदल करून दिली. पुढल्या आठवड्यात आकडे तेच आले. म्हणजे दोष जॅकेटाचा नव्हता. बाहेर पडताना हणमंत नवनाथला हळूच म्हणाला, “दाजी, तुम्ही काय करत न्हाई ना?”

“मी काय करायचं?”

“न्हाई, इचारलं. मालकांचं तुमच्याशी जास्त बोलणं असतंय.”

ते वाक्य नवनाथच्या डोक्यात दिवसभर राहिलं. स्वतः अंग चोरतो आणि वर माझ्यावर संशय घेतो. पन्नास-पन्नास असायला हवं, असं ती पोरगी म्हणाली होती. मग पन्नास-पन्नास करायला काय हरकत आहे? त्यानं कोणाचं काही घ्यायचं नव्हतं. स्वतःचं जास्तीचं तेवढं परत द्यायचं होतं.

कसं द्यायचं, ते हातांना पंधरा वर्षं ठाऊक होतं. लांब ओझ्याच्या टोकाला धरलं की हलकं लागतं. जो मधल्या बाजूला सरकतो, त्याच्याकडं वजन येतं. बोट बदलून काही होत नाही, पकड ढिली करून काही होत नाही. कपाट हवेत आहे तोवर दोघांनी मिळून ते सगळं उचललेलंच असतं. बदलते ती फक्त जागा.

शुक्रवार पेठेतल्या एका घरासमोर त्यांनी कपाट आडवं केलं. हणमंत वरच्या टोकाला वाकला.

“हणमा,” नवनाथ म्हणाला, “हात एक वीत आत घे.”

“का?”

“कडेला तेल लागलंय. घसरंल.”

हणमंतनं कडेवरून बोट फिरवलं आणि नवनाथकडं पाहिलं. तेल काही फारसं नव्हतं. मग त्यानं हात एक वीत आत घेतले. “चला. हं… उचल.”

नवनाथला पहिल्याच पायरीवर फरक कळला. फार नव्हता, चार-पाच किलो. पण ऐंशी किलोंखाली पंधरा वर्षं वाकलेल्या माणसाला चार-पाच किलो उजेडासारखे कळतात. तो वर चढत गेला. वळण आलं, दुसरा मजला आला. कपाट टेकवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मघापासून काहीतरी कमी आहे. शीळ वाजली नव्हती.

त्या आठवड्याचा आकडा एकसष्ट-एकोणचाळीस आला. नवनाथनं तो दोनदा वाचला. अजून अकरा जास्तच आहेत, त्यानं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर चढणीचं काम आलं की तो सांगू लागला. एकदा कडेला तेल होतं. एकदा पत्रा धारेचा होता. पुढं कारण द्यावं लागेना. तो नुसता “वीतभर” म्हणायचा आणि हणमंत हात आत घ्यायचा. खाली उतरवताना मात्र तो काही म्हणत नसे. उतरणीचा हिस्सा भिंतीवर येत नव्हता.

*

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, मंगळवार पेठेत, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर हणमंतचं जॅकेट वाजलं. लांब, न थांबणारा आवाज.

“टेकवा,” हणमंत म्हणाला.

“दोनच पायऱ्या राहिल्यात.”

“दाजी, टेकवा.”

त्यांनी कपाट पायरीवर टेकवलं. हणमंत कठड्याला धरून खाली बसला. त्याला बसताना कमरेतून वाकता येत नव्हतं. तो एखादी काठी उभी खाली सोडावी तसा भिंतीवरून घसरत बसला. घरमालकीणबाई पाणी घेऊन धावत आल्या. हणमंतनं तांब्या घेतला आणि सवयीनं आधी नवनाथपुढं धरला.

नवनाथच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे : एवढ्याशा ओझ्यानं? आणि दुसऱ्यांदा आलं ते हे, की हा नाटक करतोय. एकट्यानं उचलायची परीक्षा जवळ आली, आता पाठ दुखणारच.

तिसरा विचार येऊ लागला, तेव्हा त्यानं तांब्या तोंडाला लावला.

डॉक्टरांनी हणमंतला पंधरा दिवस विश्रांती सांगितली. चकती थोडी पुढं आली होती. तपासणी खात्याचा निरोप त्याच आठवड्यात आला. तीन महिन्यांचे हिस्से हद्दीबाहेर, जोडी मोडण्यात येत आहे, हणमंत खोत यांनी बरं झाल्यावर एकट्यानं चाळीस किलो उचलून दाखवावेत.

“ह्या पाठीनं?” रूपाली म्हणाली. “कार्ड गेलं तर काय करायचं त्यानं? जिनाचढ गाडीला धक्का मारायचा?”

“उचललं असतं नीट, तर ही वेळ आली नसती.”

“आणा तो फोन.”

तिनं फोन ओढूनच घेतला. ती ताटं तशीच ठेवून खाटेवर बसली आणि एकेक काम उघडून बघू लागली. आठवड्याच्या आकड्यावर बोट दाबलं की त्याखाली प्रत्येक घराचा आकडा वेगळा येत असे. नवनाथनं ते कधी केलं नव्हतं. त्याला एका आकड्यावर भागत होतं. आता ती काय बघते आहे, ते त्याला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि उठून बघण्याचं धाडस होईना. वीतभराच्या कामांसमोर काही वेगळं दिसत असेल का?

“हे काय हाय?” तिनं विचारलं.

“काय?”

“ह्या घरी कपाट वर नेलं. तुम्ही सहासष्ट. त्याच घरातलं जुनं कपाट खाली आणलं. तुम्ही पन्नास, हणमा पन्नास.” तिनं बोट सरकवलं. “हे बघा. ह्या घरी पण. वर सहासष्ट, खाली पन्नास. पयल्या दोन महिन्यांत पाच वेळा खाली आणलंय, पाची वेळा पन्नास.”

“मग?”

“मग काय! वर जाताना चोर आणि खाली येताना साव? असा कुठला चोर असतोय?”

नवनाथनं फोन परत घ्यायला हात पुढं केला. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिची नजर मघापेक्षा वेगळी होती.

“तुम्ही घाबरलाय कशापायी?” तिनं विचारलं.

*

मृदुलाला गोदामात रूपालीनंच बोलावलं. हणमंतही आला, कमरेला पट्टा बांधून, भिंतीला धरून. मृदुलानं पहिल्या दोन महिन्यांचे चढणीचे आणि उतरणीचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“सोळाचा फरक,” ती स्वतःशीच म्हणाली. “सहासष्ट वजा पन्नास. आठ दुणे सोळा. आठ का दुप्पट होतील?” मग तिनं मान वर केली. “तुम्ही दोघं जिन्यावर कसे उभे राहता, ते दाखवा. कपाट नको. नुसते उभे राहा.”

गोदामाच्या माळ्यावर जाणारा जिना होता. नवनाथ खालच्या पायरीवर उभा राहिला, तोंड जिन्याकडे. हणमंत चार पायऱ्या वर चढून, सावकाश वळून, जिन्याकडे पाठ करून उभा राहिला.

“आता सांगा. पुढे कोण?”

“मी,” खालून नवनाथ म्हणाला.

“मागे?”

“मी,” वरून हणमंत म्हणाला.

मृदुला पायऱ्यांकडे बघतच राहिली. “पण हणमंतकाका, तुम्ही तर वर आहात. आधी तुम्ही पोचता!”

“आधी पोचतो. पण मागं-मागं जातो की. मागल्या पायानं.” हणमंतला यात समजावण्यासारखं काय आहे, तेच कळेना. “ज्याचं तोंड वाटेकडं, तो पुढला. पाठ वाटेकडं, तो मागला. आमच्यात सगळे असंच म्हणतेत.”

“सगळे?”

“चारी जोड्या. इचारा कुणालाबी.”

मृदुला खालच्या पायरीवर बसली. “आमच्याकडे पुढे म्हणजे जो आधी पोचतो तो. म्हणजे चढताना वरचा. मी विचारलं, तुम्ही सांगितलं, मी तसंच नोंदवलं. पाठराख्याला वाटलं नवनाथकाका वर आणि हणमंतकाका खाली. जिन्याचे आठ त्यानं उलटे लावले. खालच्याचे कमी करायचे, ते वरच्याचे केले. अठ्ठावन्नाचे सहासष्ट झाले आणि बेचाळीसचे चौतीस. उतरतानाही तो पुढचा तोच धरतो, आणि तेव्हा नवनाथकाका खरंच आधी पोचतात, म्हणून ते आकडे बरोबर आले.”

“आणि बाकीच्या जोड्या?” रूपालीनं विचारलं.

“ते पाळीपाळीनं वर-खाली होतात. निम्म्या वेळा चूक, निम्म्या वेळा बरोबर. अठ्ठावन्नापर्यंत जातात आणि साठच्या आत राहतात. कोणाला कळलंच नाही.” तिनं डोळे चोळले. “मलाही नाही.”

हणमंत वरच्या पायरीवरून हसत सुटला. हसताना त्याची कंबर दुखत होती, म्हणून तो एका हातानं कठडा धरून आणि दुसऱ्यानं कंबर दाबून हसत होता. “आक्का, ऐकलंस का? एका शब्दापायी चोर झालो मी! दाजी, आता तरी बोला की माझ्याशी. दोन महिने तोंड पाडून फिरताय.”

“बोलतो की,” नवनाथ म्हणाला.

“पन्नास-पन्नास असणार बघा आपलं. मी सांगत हुतो, मशीन खुळं हाय.”

मृदुलानं पडदा मांडीवर घेतला. “आजपासूनचं मी दुरुस्त करते. पण तपासणीला मागचे तीन महिने बघतात. मोजलेला दाब सगळा साठवलेला आहे, फक्त आठ बरोबर बाजूला लावून पुन्हा हिशेब करायचा. त्याला दोघांची संमती लागते. एकाची नसेल तर नोंद आहे तशीच राहते.” तिनं पडदा पुढे केला. “हणमंतकाका?”

हणमंतनं वरूनच वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेव्हा मृदुला चार पायऱ्या चढून गेली. त्यानं अंगठा टेकवला.

“नवनाथकाका?”

नवनाथनं विचारलं, “सगळे महिने येतील?”

“सगळे. आठवड्यावार.”

“आणि नाही केलं तर?”

“तर हणमंतकाकांना एकट्यानं उचलून दाखवावं लागेल.”

“नाही कशापायी करताय?” रूपाली म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

“मी न्हाई कुठं म्हटलंय? इचारतोय फक्त.”

“करा की दाजी,” हणमंत वरून म्हणाला. “तुमचं काय जातंय?”

नवनाथनं वर पाहिलं. हणमंत पाठमोरा उभा राहण्याच्या सवयीनं अजूनही टाचेनं पायरी चाचपत होता. कपाट नव्हतं, तरी त्याचे हात कमरेच्या उंचीवर, काहीतरी धरल्यासारखे पुढं आले होते. दोन्ही हात कडेपासून एक वीत आत होते.

आपण नको म्हटलं तर काय होईल, हे नवनाथला कळत होतं. हणमंतचं कार्ड जाईल आणि तो तरीही दाजींवर चिडणार नाही, मशीनवर चिडेल. रूपालीला आज ना उद्या कळेल. किंवा कळणार नाही, नुसता संशय राहील, आणि ती रोज ताट वाढताना तसंच बघेल, जसं आत्ता बघत होती. तो दोन महिने हणमंतकडं कसं बघत होता, ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं अंगठा विजारीला पुसला आणि पडद्यावर टेकवला.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. रूपाली जवळ आली. हणमंत एकेक पायरी उतरत, शेवटच्या पायरीवर नवनाथच्या खांद्याला धरून उभा राहिला आणि हलकेच शीळ घालू लागला. मृदुला आकडे जसे येतील तसे वाचत गेली.

“पहिला महिना. मोरबाळे पन्नास, खोत पन्नास.”

“म्हटलं न्हवतं?” हणमंत म्हणाला आणि पुन्हा शीळ घालू लागला.

“दुसरा महिना. मोरबाळे पन्नास, खोत पन्नास.”

मग ती थांबली. तिनं पडदा जवळ घेतला, दोन बोटांनी आकडा मोठा केला आणि पुन्हा वाचला.

“तिसरा महिना. मोरबाळे शेहेचाळीस, खोत चोपन्न.”